मासा सुलटा कर

डिंभे, ता. ८ जून २००३

चि. सौ. गोजर हिस सप्रेम आशीर्वाद.

तू माहेरी, बँकॉकला निघून गेलीस त्याला दोन वर्षं होत आली. मी पत्र घातलं नाही, तूही घातलं नाहीस. आज घालतोय ते साळूसाठी. तुझी सासू जेवत नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे, घाबरून जाऊ नकोस. सकाळी चतकोर भाकरी चहात बुडवून घेते. पण दुपारचं ताट पुढं आलं की हात थांबतो. ताटाकडे बघत राहते आणि मग माझ्याकडे सरकवते. "तुमीच खा, मास्तर. माजं पोट भरलंय." घोडेगावच्या डॉक्टरांनी तपासलं. पोटात काही नाही म्हणतात. पोटात काही नाही हे मलाही दिसतंय.

धरणाचं पाणी यंदा पार तळाला गेलंय. बुडालेल्या जुन्या आंबेगावची देवळं उघडी पडलीत. साळूचं माहेर तिथलंच, म्हणून म्हटलं, गेणूच्या होडीतून नेऊन दाखवावं, चार घटका मन रमेल. तर म्हणाली, "पान्यानं नेलेलं परत बगायचं नसतं." तिला फक्त माहेराबद्दल म्हणायचं नव्हतं, हे तुला कळेल.

सुदर्शन जहाजावर परत जायचा त्याच्या आदल्या दिवसाचं जेवण तुला आठवतं. आठवतं का असं विचारण्यात अर्थ नाही. पण साळू मला ते रोज सांगते, जणू मी तिथं नव्हतोच, म्हणून तुलाही सांगतो. गेणूनं धरणातला ताजा कटला आणून दिला होता. तू तो तुझ्या माहेरच्या, तिओच्यू चिनी पद्धतीनं अख्खाच्या अख्खा वाफवलास, आलं, टोमॅटो आणि मोहरीचा खारवलेला पाला घालून. तेल नाही, तिखट नाही. बायडाबाई कुंपणावरून म्हणाली, "आगं, ह्यो मासा आजारी हाय का? त्याला वाफारा दिलाय!" आणि सगळ्यात मोठ्यानं तूच हसलीस. वरची बाजू खाऊन झाली. लेकाला आता खालची, लोण्यासारखी बाजू वाढावी म्हणून साळूनं हात घातला आणि मासा पालथा केला.

तू तिचं मनगट धरलंस, पण उशीर झाला होता.

तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग तू हळूच सांगितलंस, की तुमचे आजे-पणजे होड्यांवरचे. ताटात मासा उलटला तर समुद्रात होडी उलटते. वरची बाजू संपली की मधला काटा अलगद उचलून ठेवायचा आणि खालची बाजू तशीच खायची. आम्हाला काय ठाऊक, पोरी? आमच्याकडे आईनं मासा उलटला म्हणजे लेकराला चांगला तुकडा मिळाला. सुदर्शन हसला होता. "आये, चुलीपुढं बसून कुठं जहाज बुडतंय व्हय?"

पुढच्या श्रावणात कंपनीचा कागद आला. जहाज गेलं. माणसं "सापडली नाहीत". मी मास्तर आहे, शब्द नीट वाचतो. सापडली नाहीत असंच लिहिलंय. त्याच्यापुढचं काही लिहिलेलं नाही.

त्याच कारणावरून तू गेलीस. तू त्याच्या नावानं पान मांडायला निघालीस आणि मी म्हणालो, जित्या माणसाचं पान या घरात मांडायचं नाही. तू म्हणालीस, "मामंजी, त्यो उपाशी हाय." ते तुझं शेवटचं वाक्य. लेकीला, समृद्धीला, कडेवर घेऊन तू एसटीत चढलीस, तेव्हा साळू वाकून तुझ्या पायांपाशी माफी पुटपुटत होती. तुला वाटलं असेल, ती समृद्धीचा पडलेला बूट शोधतेय.

आता मुद्द्याचं. दुपारी, सगळी वाडी निजलेली असताना, साळूला सुदर्शन ओट्यावर दिसतो. ओलाचिंब. आत येत नाही. म्हणतो, "आये, मासा सुलटा कर."

मी तिला म्हणालो, उन्हानं होतं असं. पण तिचं एकच: "गोजरला इचारा. त्यांच्यात उलटल्याला मासा सुलटा करायची कायतरी रीत आसंल." म्हणून विचारतो. असेल तर कळव. साळूला पाण्याचा तांब्याही उचलून द्यावा लागतो आता, एवढंच लिहितो.

तुझा मामंजी,
सयाजी


डिंभे, ता. २० जुलै २००३

चि. सौ. गोजर हिस आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. पाकिटावर थायलंडचं तिकीट आणि आत तुझं अक्षर. पाटीवर गिरवून घेतलं होतं ते, वेलांटी अजून तशीच लांबते, धरणाकाठच्या रानवेलीसारखी. अक्षरं मी शिकवली आणि बोलणं साळूनं, म्हणून तुझं लिहिणं असं झालंय. त्यातलं एकही अक्षर मी दुरुस्त करणार नाही. आठवतं, तुला मुळाक्षरांचा कंटाळा यायचा म्हणून मी तिसरीच्या पुस्तकातल्या कविता तालावर म्हणून घ्यायचो? तू टाळ्या वाजवत म्हणायचीस आणि साळू चुलीपासून ओरडायची, "मास्तर, भाकरी करपली तुमच्या तालानं!"

तू लिहिलंस:

"मामंजी, तशी रीत न्हाई. उलटला त्यो उलटला. आत्याबाईला म्वे द्या, पातळ, मीठ कमी. आनि मी सौ. न्हाई. तुमी तसं लिवू नका. समृद्धी बरी हाय. गोजर."

चार ओळी. मी त्या ओट्यावर बसून वाचल्या, परत वाचल्या. साळू आतून विचारत होती, "काय म्हनती? रीत हाय का?"

गोजर, मी हो म्हणालो.

आणि मग वाचून दाखवलं. तुझ्या पत्राकडे बघत, जे लिहिलं नव्हतं ते. मी वाचलं की पौर्णिमेच्या दिवशी मासा केळीच्या पानावर ठेवून पाण्याकाठी जावं, आणि म्हणावं:

पुनवेच्या दिशी, केळीच्या पानी,
गेल्याची वाट गं धरावी ध्यानी,
उलट्याचं सुलटं करील पानी.

साळू डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, लागलं औषध. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मास्तर, गोजर कवा कविता करायला लागली?"

मी म्हणालो, त्यांच्यात असतील गाणी.

"आसतील. पन ती आशी लिवायची न्हाई. ती एका वळीत बोलती. तिनं काय लिवलंय ते सांगा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून सकाळची भाकरीही सुटली.

तू सांगितलेली पेज, म्हणजे तुमची म्वे, बायडाबाईकडून आंबेमोहोर आणून मीच शिजवली. गिचका झाला. तू करायचीस तेव्हा दाणा मोकळा आणि वर आरशासारखं पाणी असायचं. तिच्याबरोबर काय काय वाट्या मांडायचीस: खारवलेला पाला, सुकट, शेंगदाणे, कधी नुसता मुळा. साळूला ते इतकं आवडायला लागलं होतं की बायडाबाईला सांगायची, "आजारपनात पेज आमी पन खातो, पन ह्यांच्यात राजा पन पेज खातो!" राजाचं तिनं आपल्या मनानं घातलं होतं.

तिच्या पोटात थोडी म्वे गेली. दोन-चार घास.

सौ. बद्दल तू लिहिलंस. माझा हात तसंच लिहितो. सवय समज.

सयाजी


डिंभे, ता. १४ ऑगस्ट २००३

चि. सौ. गोजर हिस आशीर्वाद.

परवा नारळी पौर्णिमा झाली. भिंतीवरचं कालनिर्णय बघता बघता माझ्या ध्यानात आलं, की तुमचा सातवा महिना, ज्यात मेलेली माणसं जेवायला फिरतात म्हणून तू सांगायचीस, तो म्हणजे आमचा श्रावणच. दोघांची अमावास्या एक, पौर्णिमा एक. आमचे कोळी समुद्राला नारळ देतात त्याच दिवशी तुम्ही दारात पानं मांडता. एवढी वर्षं एका घरात राहिलो आणि हे मला तू गेल्यावर कळलं.

ओझरला जाऊन विघ्नहराला साकडं घातलं. येताना एसटी नारायणगावात बंद पडली, म्हणून मधल्या वेळात जीप धरून खोडदला गेलो. रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. सुदर्शनचं पहिलं काम तिथलंच. त्या सांगाड्यांना त्यानं वेल्डिंग केलंय. त्या कामावरच्या एका दोस्तानं त्याला जहाजाची वाट दाखवली, आणि जहाजानं तुझ्या बापाच्या पेजेच्या दुकानाची. फाटकावरच्या रखवालदाराला मी विचारलं, दूरचं सगळं ऐकू येतं म्हणतात इथं, तर एखाद्या जहाजाचा आवाज कधी येतो का, थोडा जुना असला तरी?

भला माणूस. हसला नाही. म्हणाला, "बाबा, हितं ताऱ्यांचं ऐकू येतं. जहाजाचं न्हाई येत. पानी पिता का?"

घरी आलो तर साळू दाराकडे पाठ करून पडली होती. म्हणाली, "येऊन गेला. आज लई वेळ हुबा व्हता." मी ओट्याकडे पाहिलं. दारापाशी फरशीवर ओल होती. दोन पावलं मावतील एवढी. पाऊस सकाळपासून उघडलेला.

मी म्हणालो, माठ पाझरला असेल.

माठ आत असतो, गोजर. तुला माहीत आहे कुठं असतो.

हे कोणाला सांगू? मी शाळेत पोरांना शिकवलं, भूत नसतं, भीती असते. पण मला भीती वाटली नाही, तीच तर गोष्ट. मला वाटलं, टॉवेल द्यावा.

काहीतरी कळव. खोटं असलं तरी चालेल. तुझ्या शब्दांत असलं की ती मानेल. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही.

सयाजी


डिंभे, ता. ६ सप्टेंबर २००३

गोजर,

तुझं पत्र गौरी उठल्या त्या दिवशी आलं. या खेपेला मी काही केलं नाही. साळूच्या उशाशी बसून जसंच्या तसं वाचलं. तुलाच परत लिहून दाखवतो, कारण ते मला पाठ झालंय, जुन्या कवितांसारखं, आणि पाठ झालेलं म्हटल्याशिवाय राहवत नाही:

"आत्याबाई, सातव्या म्हयन्याची पुनव झाली. दुकानाम्होरं त्याचं पान मांडलं. भात, म्वे, च्या, आनि मासा उकडला. बाप व्हता, भाऊ व्हते, शेजारी व्हते. मी त्याला नावानं जेवाया बोलवलं. मग मी मासा उलटला. माज्या हातानं, समद्यांच्या म्होरं. बाप उठून गेला. धाकला भाऊ बोटीवर आसतो, त्याची बायको रडली. बाप माज्याशी बोलत न्हाई. ऱ्हाऊ दे. आता मासा उलटनारी तू एकटी न्हाईस. दोगी हाय. जेव. गोजर."

वाचून झालं. बाहेर बायडाबाईच्या कोंबड्यांचा कलकलाट चाललेला. साळू उठून बसली. आपली आपण बसली, मी हात दिला नव्हता. म्हणाली, "हे तिचंच हाय."

मग म्हणाली, "येडी पोर. बोटीवर भाऊ आसताना!" आणि तिला रडू फुटलं. जहाजाचा कागद आला तेव्हा ती रडली नव्हती. तू रडलीस, मी रडलो, ती भांडी घासत बसली होती. मला आत्ता कळतंय, की आपल्याला रडायचा हक्क नाही असंच तिला वाटत होतं.

रात्रीच्या उरलेल्या भाताची पेज तिनं खाल्ली. वाटीभर. मी देवाला हात जोडले आणि मग तुझ्या पत्रालाही जोडले.

पण दुसऱ्या दिवशी परत ताट सरकवलं. आता वेगळ्याच काळजीत आहे. "माज्यापायी तिनं बापाच्या घरात पाप घेतलं. तिच्या भावाचं काय झालं तर? मास्तर, आता दोन होड्या माज्या डोक्यावर." आणि सुदर्शन दुपारी येतोच. मासा सुलटा कर म्हणतोच.

तुझ्या बापाला माझा नमस्कार सांग, बोलत नसला तरी. तू मला एकदा तुमचा शब्द शिकवला होतास, गागीनांग. आपलं माणूस. मी विचारलं होतं, गागीनांग कोणाला म्हणायचं, जातीच्या माणसाला का भाषेच्या? तू म्हणालीस, ज्याच्याबरोबर म्वे खाता येते त्याला. त्याला तो शब्द माझ्याकडून सांग.

पितृपक्ष येतोय. साळू काल म्हणाली, "गोजरनं त्याला नावानं बोलवलं. तिच्या देसात त्यो जेवला आसंल. आपल्या दारात उपाशी हुबा हाय, कारन तुमी बोलवत न्हाई." मी कंपनीचा कागद काढून पाहिला. कागदावर "सापडली नाहीत" लिहिलंय.

सयाजी


डिंभे, ता. २८ सप्टेंबर २००३

चि. गोजर हिस अनेक आशीर्वाद.

वर एक अक्षर कमी आहे. राहून गेलेलं नाही, सोडलं आहे.

सर्वपित्रीला आम्ही सुदर्शनचं पान मांडलं. बायडाबाई मदतीला आली होती. खीर, वडे, भात, आळूची भाजी, सगळं रीतीनं. मग साळू चुलीपाशी गेली आणि झाकलेली परात उघडली. आत मासा. गेणूकडून पहाटेच आणवला होता, मला न सांगता. तुझ्यासारखा वाफवलेला, आलं आणि टोमॅटो घालून. खारवलेल्या पाल्याच्या जागी कैरीचं लोणचं धुऊन घातलं होतं.

बायडाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आगं बया! पितरांच्या पानावर मासळी? येड लागलं का काय तुला, साळे?"

"त्याला खीर कवा आवडली?" साळू म्हणाली.

"आगं, पन लोक काय म्हनतील?"

"लोकांचं पान येगळं मांडीन मी."

पान कौलांवर ठेवलं. मी खाली उभा राहून "काव, काव" करत राहिलो. कावळे होते. पिंपळावर दोन, बायडाबाईच्या गोठ्यावर एक. बघत होते, येत नव्हते. ऊन चढलं. साळू ओट्याच्या पायरीवर बसली होती, जिथं तो उभा राहतो तिथं.

बायडाबाईच म्हणाली शेवटी, चिडून. "आवं मास्तर, नुस्तं काव काव काय करताय? पोराला बोलवाल का न्हाई? नाव न घेता पावनं तरी जेवाया येतं का?"

गोजर, शाळेत हजेरी घेताना मी हजारदा पोरांची नावं घेतली असतील. आपल्याच पोराचं नाव मी आधी मनातल्या मनात घेऊन पाहिलं. मग मोठ्यानं घेतलं. "सुदर्शन," मी म्हणालो. "ये रे बाळा. जेवायला ये."

गोठ्यावरचा कावळा उडाला तो सरळ पानावर.

खिरीला त्यानं तोंड लावलं नाही. भात उधळला. मग माशावर बसला. वरची बाजू टोचून टोचून खाल्ली, काटा उघडा पडेपर्यंत. आम्ही तिघं माना वर करून उभे. आणि मग, तुला शपथेवर सांगतो, त्यानं एका पायानं पान दाबून धरलं, चोचीत कल्ला पकडला, हिसका दिला आणि मासा पालथा केला. आणि खालची बाजू खायला लागला.

साळूच्या तोंडून असा आवाज निघाला की बायडाबाई तिला धरायला धावली. पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. "बगितलं? बगितलं का, मास्तर? त्यानंच उलटला! माज्या लेकानंच उलटला! त्याला खालची बाजू पायजे व्हती!"

बायडाबाई म्हणाली, "कावळं आसंच खात्यात, बाई." साळूनं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

तुझ्या बापाला हे सांग. होडीवरच्या माणसानंच मासा उलटला, तर दोष कुणाला लागतो? त्याच्याकडे याचं उत्तर असेल तर मला कळव, पण मला वाटतं, नसेल. आता तुझ्यावरही काही नाही आणि तुझ्या भावाच्या होडीवरही नाही.

त्या दुपारी साळू जेवली. मागून घेतलं. संध्याकाळी तू ठेवून गेलेले ते छोटे तीन कप काढले आणि तुमचा कडू चहा केला. आपण चौघं होतो तेव्हा तू तीनच कप मांडायचीस आणि कोणीतरी एकानं थांबायचं असा तुमचा नेम. सुदर्शनच थांबायचा नेहमी. आता आम्ही दोघं. तिसरा कप साळूनं भरून तसाच ठेवला. म्हणाली, "त्यानं लई येळा आपल्याला आदी पिऊ दिलंय."

तुझ्या मधल्या चिठ्ठीत तू लिहिलंस की समृद्धी अजून "लई" म्हणते, थाय शाळेत, तिओच्यू आजोबांशी, सगळीकडे. ते वाचून साळूनं तिच्यासाठी कुरडया केल्यात. पुढच्या पत्राबरोबर नाही, पार्सलनं पाठवीन. आणि तू ये. घरात भांडणाला कोणी उरलेलं नाही.

साळूला तो आता दिसत नाही. दुपारी शांत झोपते. तू म्हणायचीस, नावानं बोलावलं नाही तर गेलेलं माणूस दारातच उभं राहतं. बोलावलं, जेवला, गेला. बरं झालं. असंच व्हायला हवं होतं.

मला झोप येत नाही. वाडी निजली की मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात बसतो, ओट्याकडे बघत. ओटा कोरडा असतो. काल जरा डोळा लागला आणि उघडला तर दारापाशी फरशीवर ओल. मी उठलो, घाईनं, टॉवेल घेऊन.

माझ्याच हातातला तांब्या कलंडला होता.

तुझा मामंजी,
सयाजी